डेव्हमेम टीसीपी वापरून चार महिने झाले, सविस्तर रिव्ह्यू

लिनक्सच्या कर्नलमधलं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातलं) डिव्हाइस मेमरी टीसीपी, म्हणजे सगळे ज्याला डेव्हमेम टीसीपी म्हणतात ते, नेटवर्कवरून आलेला डेटा मशिनच्या रॅममधे न थांबवता थेट जीपीयूच्या मेमरीत टाकायची सोय, आम्ही ऑफिसच्या लॅबमधे चार महिने रोज चालवलंय, आणि गेल्या काही दिवसात तीनचार जणांनी विचारलं की घ्यायचं का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक स्टार का कापला ते पुढे येईलच, पण आधीच सांगतो की तो कर्नलवाल्यांमुळे कापलेला नाही.

आधी आमचं काम काय ते. स्टोरेजच्या मशिनवर मोठमोठे टेन्सर, म्हणजे आकड्यांचे तक्ते, पडलेले असतात, ते नेटवर्कवरून जीपीयूच्या मशिनवर आणायचे आणि जीपीयूच्या मेमरीत टाकायचे, बास. इनफिनिबँडचं खास वेगवान नेटवर्क नाही, साधं इथरनेट. आरडीएमए, म्हणजे सीपीयूला मधे न घेता एका मशिनच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत लिहायची पद्धत, करून बघायचा विचार झाला होता, पण त्यासाठी स्विचवर पॅकेट पडू नये म्हणून पॉज फ्रेमचं, म्हणजे पाठवणाऱ्याला थांबायला सांगणाऱ्या संदेशांचं, सगळं सेटिंग करावं लागतं आणि आमचे स्विच इतर टीमबरोबर शेअर आहेत, नेटवर्कच्या माणसांनी हात जोडले, आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबरच होतं. टीसीपी मात्र कुठल्याही स्विचवरून जातं, पॅकेट पडलं तर परत मागवतं, गर्दी झाली तर स्वतः हळू होतं. तेव्हा टीसीपी सोडायचं नाही हे पक्कं होतं.

पण साध्या टीसीपीत डेटाचा प्रवास कसा होतो बघा. नेटवर्क कार्डावर पॅकेट आलं की ते डीएमएने, म्हणजे सीपीयूच्या मदतीशिवाय, मशिनच्या रॅममधे जातं, मग कर्नल ते तिथून उचलून तुमच्या प्रोग्रामच्या बफरमधे कॉपी करतो, आणि मग तुम्ही जीपीयूला सांगता की आता हे तू तुझ्याकडे ओढून घे. २०० गिगाबिटचं कार्ड म्हणजे सेकंदाला २५ जीबी. आता मोजा, रॅममधे लिहायला २५, कॉपी करताना वाचायला २५ आणि लिहायला २५, आणि जीपीयूने ओढताना वाचायला परत २५. एका कार्डासाठी रॅमवर १०० जीबी प्रति सेकंदाचा भार. सीपीयूच्या कॅशमुळे यातलं थोडं वाचतं, पण भरवसा ठेवावा इतकं नाही. डीडीआर५-४८०० चे आठ चॅनल असले तर कागदावरची कमाल ३०७ जीबी आहे, आणि आमच्या मशिनला अशी दोन कार्डं. म्हणजे दोनतृतीयांश रॅमची ताकद नुसती हमाली करण्यात जाणार, आणि त्यातला एकही बाइट सीपीयूला स्वतःला नको असतो! तो कधी बघणारही नाही त्या डेटाकडे.

डेव्हमेम टीसीपी नेमकं हेच बंद करतं. कार्ड आलेल्या पॅकेटचे दोन भाग करतं. हेडर, म्हणजे कोणाकडून आलं, कोणाला, कितवा बाइट वगैरे, ते नेहमीसारखं रॅममधे कर्नलकडे जातं. आणि आतला माल थेट पीसीआयवरून, म्हणजे मशिनमधली कार्डं जोडणाऱ्या वाटेवरून, जीपीयूच्या मेमरीत. कर्नल हेडर वाचून टीसीपीची सगळी कामं करतो, पोच देतो, क्रम लावतो, हरवलेलं परत मागवतो, फक्त माल कधी उघडून बघत नाही. सोसायटीच्या गेटवर वॉचमन पावती बघून रजिस्टरला नोंद करतो आणि कपाट सरळ टेम्पोतून तुमच्या मजल्यावर जातं, तसंच. आधी ते कपाट गेटवर उतरवून, केबिनमधे ठेवून, मग परत उचलून वर न्यायला लागायचं.

मला यातलं सगळ्यात आवडलेलं हेच आहे की टीसीपी टीसीपीच राहिलं. कार्डामधे दुसरा टीसीपी स्टॅक बसवलेला नाही, कर्नलला बाजूला सारून कुठली वेगळी लायब्ररी नाही. गर्दीचं नियंत्रण तेच, फायरवॉलचे हेडरवरचे नियम तेच, सॉकेट (प्रोग्रामचं नेटवर्कशी जोडलेलं टोक) तेच, एसएस कमांडला कनेक्शन दिसतं तसंच दिसतं. पाठवणाऱ्या बाजूला तर काही कळतसुद्धा नाही. आमच्या स्टोरेजच्या मशिनवर जुना कर्नल आहे आणि तिथे एक ओळ बदलावी लागली नाही.

थोडा इतिहास सांगतो कारण त्यावरून कळतं की ही गोष्ट घाईत उरकलेली नाही. गूगलच्या मिना अलमासरी आणि सहकाऱ्यांनी २०२३ च्या जुलैमधे पहिला प्रस्ताव मांडला. गूगल क्लाऊडवर ए३ मशिनसाठी याच कल्पनेचा स्वतंत्र अवतार ते जीपीयूडायरेक्ट टीसीपीएक्स नावाने देतच होते, प्रश्न होता मुख्य कर्नलमधे आणायचा. पहिल्या प्रस्तावात जीपीयूच्या मेमरीलाही कर्नलच्या नेहमीच्या स्ट्रक्ट पेजचं, म्हणजे रॅमच्या एका पानाच्या नोंदीचं, रूप दिलेलं, त्याला मेमरीवाल्यांचा विरोध झाला, आणि मग तो रस्ता सोडून नेटमेम नावाची कल्पना आली. नेटवर्कच्या कोडमधे वर्षानुवर्षं गृहीत होतं की पॅकेटचा माल म्हणजे रॅममधलं एखादं पेज. आता तिथे नेटमेम असतं, ते पेज असू शकतं किंवा नेट आयओव्ही, म्हणजे जीपीयूसारख्या डिव्हाइसच्या मेमरीचा तुकडा, असू शकतं, आणि दोन्हीतला फरक पॉइंटरच्या शेवटच्या बिटवरून ओळखतात. ऐकायला छोटं वाटतं पण त्यासाठी पॅकेट हाताळणाऱ्या कितीतरी ठिकाणी तपासणी घालायला लागली की बाबा हा माल वाचता येण्यासारखा आहे का, नसेल तर हात लावू नकोस. शेवटी २०२४ च्या १७ नोव्हेंबरला आलेल्या ६.१२ कर्नलमधे घेण्याची बाजू दाखल झाली. जीपीयूची मेमरी कार्डाला दाखवायला जे डीएमए-बफ वापरलंय ते तर २०१२ पासून कर्नलमधे आहे, मुळात ग्राफिक्स, कॅमेरा, व्हिडिओवाल्यांनी एकमेकात बफर वाटून घ्यायला केलेलं, आणि त्याची देखभाल आपल्याच देशातले सुमित सेमवाल करत आलेत. जुनी भक्कम गोष्ट नव्या जागी वापरली हे मला फार पटलं.

आता प्रत्यक्ष बसवायचं म्हटलं तर काय काय लागतं.

कर्नल ६.१२ किंवा पुढचा, हे सोपं, डेबियन १३ आणि आरएचईएल १० दोन्हीत ६.१२ च येतो. पण इथे एक मेख आहे, ६.१२ मधे आली ती चौकट, कार्डांच्या ड्रायव्हरमधला सपोर्ट पुढच्या आवृत्त्यांमधे एकेक करून आला, ब्रॉडकॉमचा बीएनएक्सटी, एनव्हिडियाचा एमएलएक्स५, गूगलचा जीव्हीई असे. त्यामुळे "आमच्याकडे ६.१२ आहे" एवढ्यावर विसंबून राहू नका, तुमच्या कार्डाच्या ड्रायव्हरने त्या कर्नलमधे मेमरी प्रोव्हायडर, म्हणजे कार्डाला रॅमऐवजी बाहेरची मेमरी पुरवायची सोय, घेतलंय का ते बघा. आम्ही शेवटी नवीन कर्नल स्वतः बिल्ड केला.

कार्डाला तीन गोष्टी आल्या पाहिजेत. हेडर आणि माल वेगळा करणं, ठराविक कनेक्शन ठराविक क्यूवर (कार्डातल्या येणाऱ्या पॅकेटच्या रांगेवर) वळवणं, आणि बाकीच्या ट्रॅफिकला त्या क्यूपासून लांब ठेवणं. यातल्या पहिल्या गोष्टीवरच आमचे तीन आठवडे गेले, आणि माझा कापलेला स्टार तो हाच. कार्ड ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्या माहितीपत्रकात हेडर स्प्लिट आहे असं ठळक छापलेलं होतं. इथटूल या कार्डाच्या सेटिंगच्या कमांडने टीसीपी-डेटा-स्प्लिट चालू करायला गेलो तर सरळ नकार. विक्रेत्याला मेल, त्यांचं उत्तर की फर्मवेअर जुनं आहे, नवं फर्मवेअर टाकलं तर चालू झालं पण जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी पॅकेटं) लावली की परत बंद, परत मेल, परत वेगळं फर्मवेअर. शेवटी ज्याने उत्तर दिलं त्या इंजिनियरने व्यवस्थित मदत केली, पण तोपर्यंत तीन आठवडे. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, कार्ड विकत घ्यायच्या आधी एक नग मागून घ्या, आणि ज्या कर्नलवर आणि ज्या एमटीयूवर (पॅकेटची कमाल लांबी) चालवायचंय तिथेच हे सेटिंग चालू करून बघा. माहितीपत्रकावर जाऊ नका.

कार्ड आणि जीपीयू मशिनमधे कुठे बसलेत तेही बघायला लागतं. दोघं एकाच पीसीआय स्विचखाली असले तर माल सरळ एकाकडून दुसऱ्याकडे जातो. वेगवेगळ्या सीपीयूखाली असले तर दोन सीपीयूंमधल्या दुव्यावरून जावं लागतं आणि सगळी मजा गेली. एलएसपीसीआय कमांडचं झाडाचं चित्र काढून बघा, किंवा एनव्हिडियाच्या टूलमधे टोपोलॉजीचा तक्ता येतो तो बघा. आमचं एक कार्ड चुकीच्या स्लॉटमधे होतं, स्क्रूड्रायव्हर घेऊन हलवलं.

मग जीपीयूच्या मेमरीचा एक तुकडा डीएमए-बफ म्हणून बाहेर काढायचा, त्याचा डिस्क्रिप्टर (ओळखीचा नंबर) आणि क्यूचे नंबर नेटलिंकवरून, म्हणजे कर्नलशी बोलायच्या खास सॉकेटवरून, कर्नलला द्यायचे, म्हणजे ती क्यू त्या मेमरीला बांधली जाते. याला अॅडमिन परवानगी लागते. इथे दोन गोष्टी इतक्या नीट केल्यात की दाद द्यावीशी वाटते. एक म्हणजे क्यू बांधताना फक्त तेवढीच क्यू थांबून परत चालू होते, अख्खं कार्ड खालीवर होत नाही, बाकीच्या कनेक्शनना पत्ताच नसतो. दुसरं, बांधणी त्या नेटलिंक सॉकेटच्या आयुष्याला जोडलेली आहे. तुमचा प्रोग्राम क्रॅश झाला, कोणी किल केला, सॉकेट बंद झालं की बांधणी आपोआप सुटते आणि क्यू साध्या मेमरीवर परत येते. आम्ही टेस्टिंगमधे प्रोग्राम शेकडो वेळा मारला असेल, एकदाही मशिन रीबूट करावं लागलं नाही. ज्यांनी आधी ड्रायव्हरच्या बाहेरच्या पॅचवर दिवस काढलेत त्यांना याची किंमत कळेल.

पहिल्याच दिवशी मात्र एक गडबड झाली. क्यू बांधली आणि पाच मिनिटात एसएसएच (मशिनवरचं दुरून केलेलं लॉगिन) मधेच तुटायला लागलं, काही लॉगिन होत होती काही नाही. कारण साधं होतं, बाकीच्या ट्रॅफिकला त्या क्यूपासून लांब ठेवायची पायरी मी विसरलो होतो. आरएसएस (कार्डातली वाटणी करणारी सोय) सगळ्या क्यूवर कनेक्शन वाटत होतं, आणि ज्या एसएसएचच्या नशिबी बांधलेली क्यू आली त्याचा माल जीपीयूच्या मेमरीत जाऊन पडत होता. साधं सॉकेट वाचायला गेलं की ईफॉल्ट एरर. बरोबरच आहे, तो माल कर्नल वाचूच शकत नाही तर देणार काय. तेव्हा क्रम पाठ करा: हेडर स्प्लिट चालू, मग आरएसएस आधीच्या क्यूंपुरतं मर्यादित, मग तुमच्या कनेक्शनचा नियम लावून ते शेवटच्या क्यूवर वळवणं, आणि मगच बांधणी. नियमात पोर्ट नंबर द्यायचा तर तो आधी ठरलेला हवा, म्हणून पाठवणाऱ्याने कनेक्ट करण्याआधी स्वतःचा पोर्ट पक्का करून घ्यायचा. आणि मॅनेजमेंटचं एसएसएच वेगळ्याच छोट्या कार्डावर ठेवा, रात्री फार बरं पडतं.

कर्नलच्या सोर्समधे सेल्फटेस्टच्या फोल्डरमधे एनसीडेव्हमेम नावाचा छोटा प्रोग्राम आहे, नेटकॅट या डेटा पाठवायच्या छोट्या टूलचा भाऊ समजा. तो जीपीयू नसतानाही चालतो, यूडीएमएबफ या कर्नलच्या सोयीने साध्या रॅमलाच डीएमए-बफचं रूप देतो. कागदपत्रं चांगली आहेत, मर्यादा स्पष्ट लिहिल्यात, पण मला खरं समजलं ते एनसीडेव्हमेम ओळीओळीने वाचून. आधी तो चालवा, तो चालला की कार्ड आणि ड्रायव्हर ठीक, मग स्वतःचा कोड लिहा.

स्वतःचा कोड म्हणजे काय, तर रिसीव्ह मेसेजच्या कॉलला डेव्हमेमचा फ्लॅग द्यायचा. बफरमधे डेटा येत नाही, त्याऐवजी कंट्रोल मेसेज येतात, की अमुक ऑफसेटपासून अमुक इतके बाइट तुझ्या जीपीयूच्या तुकड्यात पडलेत आणि हे त्याचं टोकन. कधीकधी कार्डाने हेडर वेगळं केलेलं नसतं, तेव्हा तेवढे बाइट साध्या बफरमधे येतात आणि मेसेज तसं सांगतो, तोही रस्ता लिहायलाच लागतो. वापरून झालं की टोकन सॉकेट ऑप्शनने कर्नलला परत द्यायचं, म्हणजे तो तुकडा पुढच्या पॅकेटसाठी मोकळा होतो. एका कॉलमधे १२८ नोंदी आणि मिळून १०२४ तुकडे अशी मर्यादा आहे. आणि हा कॉल किती तुकडे सुटले तो आकडा परत देतो, एरवी सेट सॉकऑप्टने (सॉकेट ऑप्शन द्यायच्या याच कॉलने) शून्य दिलं की काम झालं अशी सवय असते, इथे शून्य म्हणजे काहीच सुटलं नाही. तपासा नक्की.

टोकनचीच गोष्ट आता नीट सांगतो कारण आमचा अख्खा एक आठवडा त्यात गेला.

सगळं चालायला लागलं होतं. छोटे टेन्सर धडाधड येत होते, चेकसम (डेटा बरोबर आला का ते पडताळायचे आकडे) जुळत होते, टीममधे सगळे खुश. मग ३२ एमबीचा टेन्सर मागवला आणि कनेक्शन जागेवर थिजलं. एरर नाही, डिस्कनेक्ट नाही, नुसतं थांबलं. परत चालवलं, परत तिथेच. प्रत्येक वेळी २१-२२ एमबी आले की थांबायचं. पाठवणाऱ्या मशिनवर एसएसने बघितलं तर पॅकेटं परत परत पाठवली जातायत (रिट्रान्समिट) आणि दर वेळी मधला वेळ दुप्पट होतोय. घेणाऱ्या बाजूला इथटूलच्या काउंटरमधे त्या एका क्यूवर बफर नाही म्हणून पडलेली पॅकेटं वाढतायत. बाकी सगळ्या क्यू ठणठणीत.

मला वाटलं ड्रायव्हरमधे बग आहे. दोन दिवस ड्रायव्हर वाचत बसलो. आमच्या स्टोरेजच्या बाजूची सहकारी येऊन बसली, तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "अरे, तू टोकन परत कधी देतोस?" मी म्हटलं टेन्सर पूर्ण आला की, एकत्रच, कमी सिस्टिम कॉल लागतात. ती म्हणाली, "म्हणजे घरातले सगळे सिलिंडर संपेपर्यंत एकही रिकामा परत द्यायचा नाही, मग गॅसवाला भरलेला कुठून आणणार?"

तरी माझं म्हणणं होतं की मी ६४ एमबीचा तुकडा बांधलाय, टेन्सर ३२ चा आहे, दुप्पट जागा आहे की. मग आम्ही दोघांनी कागद घेऊन मोजलं. एमटीयू १५००. त्यातून आयपीचे २०, टीसीपीचे २० आणि टाइमस्टँपचे १२ गेले की माल उरतो १४४८ बाइट. आणि आमच्या ड्रायव्हरमधे प्रत्येक पॅकेटच्या मालाला ४ केबीचा एक अख्खा तुकडा लागतो, उरलेली जागा वाया. ६४ एमबीत ४ केबीचे तुकडे १६३८४. त्यातले काही कार्डाच्या रिंगमधे, म्हणजे येणाऱ्या पॅकेटसाठी मांडून ठेवलेल्या जागेत, आधीच अडकलेले. उरलेल्यांना १४४८ ने गुणलं की उत्तर नेमकं २१ ते २२ एमबी. कागदावर तो आकडा आला तेव्हा दोघंही गप्प झालो, कारण लॉगमधे तोच आकडा दोन दिवस समोर दिसत होता. ड्रायव्हर एकदम बरोबर वागत होता. टेन्सर पूर्ण होईपर्यंत मी टोकन देणार नाही आणि टोकन मिळेपर्यंत टेन्सर पूर्ण होणार नाही.

उपाय दोन केले. एमटीयू ४१४८ केला, म्हणजे ५२ बाइट हेडर गेल्यावर माल बरोबर ४०९६, एक पॅकेट एक तुकडा, एक बाइट वाया नाही. आयपीव्ही६ असेल तर हेडर २० ने मोठं, तेव्हा ४१६८ करा. आणि टोकन परत द्यायची पद्धत बदलली. आलेला माल जीपीयूच्या तुकड्यात विखुरलेला असतो, कुठला ऑफसेट कुठे याला काही क्रम नाही, त्यामुळे जीपीयूवरच एक छोटा प्रोग्राम चालवून तो सलग टेन्सरमधे गोळा करावा लागतो. आता काही तुकडे जमले की गोळा करायचं काम जीपीयूला द्यायचं, ते संपल्याचा इव्हेंट आला की लगेच त्या तुकड्यांचे टोकन परत. इव्हेंट यायच्या आधी टोकन देऊ नका हेही तितकंच महत्त्वाचं, नाहीतर जीपीयू वाचत असतानाच त्यावर नवीन पॅकेट येऊन बसेल आणि चेकसम कधीतरीच चुकेल, शोधणं महाकठीण.

कोणी म्हणेल कॉपी टाळायला हे सगळं केलं आणि शेवटी जीपीयूवर परत कॉपीच. हो, पण ती जीपीयूच्या स्वतःच्या मेमरीत आहे. एच१०० च्या एसएक्सएम मॉडेलमधे ती मेमरी सेकंदाला ३.३५ टीबी देते, त्यापुढे २५ जीबी म्हणजे काहीच नाही. आम्हाला तरी त्याचा भार कुठे जाणवला नाही. मशिनच्या रॅमचा आलेख मात्र ट्रान्सफर चालू असताना जवळपास सपाट दिसतो, आणि त्याच मशिनवर चालणारं डेटा तयार करायचं काम, जे आधी ट्रान्सफर सुरू झाली की रखडायचं, ते आता आपल्या गतीने चालतं. आमच्यासाठी खरा फायदा तो ठरला. सीपीयू मोकळा झाला हे ठीक, पण रॅम मोकळी झाली हे जास्त.

आता त्रासाच्या गोष्टी. कर्नलला माल दिसत नाही म्हणजे कर्नलच्या जिवावर चालणाऱ्या कुठल्याच हत्याराला दिसत नाही. टीसीपीडंप या पॅकेट बघायच्या टूलमधे हेडर येतं, माल नाही. बीपीएफला, म्हणजे कर्नलमधे घालता येणाऱ्या छोट्या प्रोग्रामना, नाही. चेकसम सॉफ्टवेअरमधे काढता येत नाही, कार्डानेच तपासायला हवा. लूपबॅकवर (मशिन स्वतःशीच बोलतं तेव्हा) चालत नाही कारण तिथे माल कॉपी करायला लागतो, त्यामुळे एकाच लॅपटॉपवर बसून डेव्हलप करता येत नाही, दोन मशिन हवीतच. कर्नलमधलं टीएलएस (एन्क्रिप्शन) तर विसराच, जो माल सीपीयू वाचू शकत नाही तो सीपीयूवर उलगडणार कसा. आमचं नेटवर्क एका रॅकपुरतं बंदिस्त आहे म्हणून चालून गेलं, पण ज्यांचा डेटा बाहेरच्या जागेतून एन्क्रिप्ट होऊन येतो त्यांनी हे आधी ठरवावं, नंतर नाही. डीबगिंगसाठी आम्ही प्रत्येक टेन्सरच्या पुढे क्रमांक आणि चेकसम असलेला छोटा ब्लॉक पाठवायला सुरुवात केली आणि तो जीपीयूवरच तपासतो, टीसीपीडंपची सवय असलेल्याला हाच आधार.

पाठवायची बाजू ६.१६ मधे आली, जीपीयूच्या मेमरीतून थेट बाहेर. झिरोकॉपीचा फ्लॅग आणि डीएमए-बफचा नंबर द्यायचा, पत्त्याच्या जागी ऑफसेट, पाठवून झाल्याची सूचना सॉकेटच्या एरर क्यूवर येते. थोडंच चालवलंय त्यामुळे त्याला स्टार देत नाही.

आयओ यूरिंग या कर्नलच्या दुसऱ्या पद्धतीतलं झेडसीआरएक्स, म्हणजे कॉपी न करता डेटा घ्यायची सोय, बघा असंही एकाने सुचवलं होतं. ते ६.१५ मधे आलं, आतून तीच मेमरी प्रोव्हायडरची चौकट वापरतं, तेच हेडर स्प्लिट, तसंच कनेक्शन वळवणं, आणि टोकन सॉकेट ऑप्शनने देण्याऐवजी रिंगमधून परत जातात. माल मुळात रॅममधेच हवा असेल आणि फक्त कर्नलची कॉपी टाळायची असेल तर तेच घ्या. आमचा कोड साध्या ईपोलवर (सॉकेटवर डेटा आला का बघायच्या जुन्या पद्धतीवर) आहे म्हणून आम्ही डेव्हमेमवर थांबलो.

कोणी घेऊ नये तेही सांगतो. १० किंवा २५ गिगाबिटचं कार्ड असेल तर साधी कॉपी कुठेच आड येत नाही, त्यासाठी एवढं सगळं मांडू नका. छोटे छोटे मेसेज, आरपीसी, वेब सर्व्हर, यांच्यासाठी नाहीच. एका मशिनवर हजारो कनेक्शन असतील तरी अवघड, कारण क्यू मोजक्या असतात आणि प्रत्येकासाठी नियम लावायचा असतो. पण मोजकी जाडजूड कनेक्शनं, १०० गिगाबिटच्या वरचं कार्ड, माल सरळ जीपीयूला हवा आणि इथरनेट बदलायची सोय नाही, अशी अवस्था असेल तर मला तरी याहून चांगली गोष्ट माहिती नाही. आमच्या दुसऱ्या कार्डाचंही फर्मवेअर परवाच बदललं, बांधलेला तुकडा ६४ चा ५१२ एमबी केलाय, आणि टोकन किती बाहेर आहेत त्याचा काउंटर आता डॅशबोर्डवर सगळ्यात वर लावलाय.